कळतं, पण वळत नाही

भगिनींनो, "कळतं, पण वळत नाही" हे वाक्य प्रत्येक आईच्या तोंडी कधी ना कधी येतंच. बहुतेक वेळा ते रागानं येतं. पण काही मुलांच्या बाबतीत हे अगदी नेमकं, शास्त्रात बसणारं वर्णन आहे असं सांगितलं, तर तुम्हाला पटेल का? काय करू नये ते कळणं हे मेंदूचं एक काम आणि ऐन वेळी स्वतःला आवरणं हे दुसरं. पहिलं काम उत्तम येणाऱ्या मुलाचं दुसरं काम कच्चं असू शकतं. आज या दुसऱ्या कामाविषयी बोलू या. ते नीट न समजल्यामुळे आपल्या घरांतून पोरं फार मार खातात, आणि त्या मारानं काहीच साधत नाही.

सोलापुरातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. विडी कामगारांच्या वसाहतीतलं म्हणा, नाहीतर यंत्रमागाच्या खडखडाटात वसलेल्या एखाद्या पेठेतलं म्हणा. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली आहे. तिसरीतलं पोर शाळेतून येतं. दप्तर उंबऱ्यात, एक चप्पल दारात, दुसरी कुठे गेली ते देव जाणे. "हातपाय धू" असं आई म्हणेपर्यंत स्वारी पाण्याच्या पिंपावर चढलेली असते. धाकटीच्या हातातलं खेळणं हिसकावतो, ती भोकाड पसरते, आणि हा लगेच कळवळतो. "चुकलं आई, परत नाही करणार," म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो बरं का. आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच! शेजारीण म्हणते, "लई वांड हाय बाई तुमचं पोरगं." सासूबाई म्हणतात, "आईनंच लाडावून ठेवलंय. ह्याचा बाप बी असाच हुता म्हना." वडील कामावरून येतात, वहीतला बाईंचा शेरा वाचतात आणि हात उगारतात. रात्री त्या घरात दोघं जणं उशीत तोंड खुपसून रडतात. एक ते पोर आणि दुसरी त्याची आई.

वांडपणा आणि दोष

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पोरानं पिंपावर चढावं, धावावं, मस्ती करावी, हे त्याचं वयच आहे. प्रत्येक अचपळ मुलाला दोष चिकटवू नका. डॉक्टर मंडळी ज्याला दोष म्हणतात त्याला इंग्रजीत 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर', म्हणजे थोडक्यात एडीएचडी म्हणतात. आपण मराठीत अवधानदोष म्हणू या. त्याच्या अटी ठरलेल्या आहेत. लक्ष न टिकणं, सारखी चुळबुळ, विचाराआधी कृती, या खुणा मुलाच्या वयाच्या मानानं खूपच जास्त हव्यात. त्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेल्या हव्यात, निदान सहा महिने टिकलेल्या हव्यात, आणि घर, शाळा, नातेवाईक यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसायला हव्यात. शिवाय त्यांच्यामुळे मुलाचं अभ्यासात किंवा माणसांत खरोखर अडत असलं पाहिजे. घरी वांड पण शाळेत अगदी शहाणा असं असेल, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावं लागेल.

जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभर मुलांमागे सुमारे पाच जणांत हा दोष आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाददुसरं मूल असं असायचंच. बाईंना ते कोण हे पहिल्या आठवड्यातच कळतं. फक्त त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नसतं.

हे आजकालचं खूळ आहे असंही समजू नका. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांचं वर्णन केलं होतं. बुद्धी चांगली, घरची शिकवण चांगली, तरी क्षणाचा मोह आवरत नाही, शिक्षा केली तरी थोड्या वेळात तोच प्रकार. हा दोष शरीरातून येत असावा, असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं. नावं मात्र बदलत गेली. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' हे नाव दिलं आणि १९८७ साली त्यात चंचलतेचा शब्द घातला.

मागाचा काटा

आता मेंदूत काय चालतं ते पाहू. सोलापूरकर भगिनींना ते समजावणं सोपं आहे, कारण माग त्यांनी पाहिलेला असतो. धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा टाकत जातो. मध्येच तो धागा तुटला किंवा कांडी संपली, तर मागाला एक बारीकसा काटा असतो, तो हे ओळखतो आणि माग थांबवतो. काटा बिघडलेला असेल तर काय होतं? धोटा धावतच राहतो, फणी आपटतच राहते आणि कापडात विरळ पट्टा पडतो. मागात जोर कमी नसतो, सूतही चांगलं असतं. बिघाड असतो तो थांबवणाऱ्या काट्यात.

आपल्या मेंदूत हे थांबवण्याचं काम प्रामुख्यानं कपाळामागचा भाग करतो. मेंदूच्या आतल्या काही गाठींशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. समोर चेंडू दिसला की 'धाव' हा हुकूम आपोआप सुटतो. कपाळामागचा भाग त्याच क्षणी म्हणतो, 'थांब, रस्ता आहे.' हा 'थांब' वेळेवर पोचला तर पाय थबकतो. या दोन भागांमधला निरोप पोचवायला डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन ही रसायनं लागतात. अवधानदोष असलेल्या मुलांत 'थांब' हा निरोप दुबळा पडतो किंवा उशिरा पोचतो. तोपर्यंत हात चाललेला असतो, शब्द सुटलेला असतो. मागून निरोप पोचतो तेव्हा मुलाला खरंखुरं वाईट वाटतं. म्हणून त्याचं "चुकलं आई" खोटं नसतं, आणि पाच मिनिटांनी तो तेच करतो हेही खरंच असतं.

हे नुसते तर्क नाहीत. १९९० साली अमेरिकेत डॉ. ॲलन झॅमेटकिन यांनी लहानपणापासून अतिचंचल असलेल्या २५ प्रौढांच्या मेंदूची तुलना ५० निरोगी प्रौढांशी केली. मेंदू काम करताना साखर जाळतो. ती कुठे किती जळते हे त्यांनी यंत्रावर मोजलं. चंचल प्रौढांत ती एकूण सुमारे ८ टक्के कमी जळत होती, आणि सर्वांत जास्त फरक कपाळामागच्या वरच्या भागात आणि हालचालींची जुळवाजुळव करणाऱ्या भागात होता. पुढच्या अभ्यासांत आकडे कमीजास्त झाले, पण कपाळामागच्या भागाकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवलं गेलं. आणखी एक गंमत ऐका. या २५ जणांची स्वतःची मुलंही अतिचंचल होती. हा दोष मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे हे पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पक्कं झालं. तेव्हा "ह्याचा बाप बी असाच हुता" हे सासूबाईंचं वाक्य शास्त्राला धरून आहे. लाडाविषयीचं तेवढं नाही.

दुसरा अभ्यास २००७ सालचा, डॉ. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी हा दोष असलेल्या २२३ मुलांच्या आणि तेवढ्याच इतर मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेतली. मेंदूचं वरचं आवरण वाढत वाढत एका वयात सर्वांत जाड होतं आणि मग पक्व होत जातं. इतर मुलांत हा टप्पा साधारण साडेसात वर्षांना आला, तर या मुलांत साडेदहाला. तीन वर्षांचा उशीर! सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. आणि हातपाय चालवणारा भाग मात्र या मुलांत थोडा आधीच तयार झालेला होता. म्हणजे पाय लवकर तयार आणि लगाम उशिरा. दहा वर्षांच्या मुलाकडून तुम्ही दहा वर्षांच्या संयमाची अपेक्षा करता, आणि त्याच्यापाशी असतो जेमतेम सात वर्षांच्या मुलाचा. हा हिशेब मनात ठेवलात तर निम्मा राग तिथंच उतरेल.

एक सूचना इथेच देऊन ठेवते. ही चित्रं शेकडो मुलांची सरासरी सांगतात. एकट्या तुमच्या बाळ्याचा दोष मेंदूच्या फोटोवरून ठरत नाही. फिट, डोक्याला मार असं काही वेगळं कारण नसताना कुणी केवळ चंचलतेसाठी महागडा स्कॅन काढायला सांगितलं, तर "त्यानं उपचारात काय फरक पडेल?" असं जरूर विचारा.

मग मोबाइलपुढे कसा बसतो?

हा प्रश्न वडील मंडळी हमखास विचारतात. "पुस्तकापुढे पाच मिनिटं बसवत नाही आणि मोबाइलवर तासभर! याला लक्ष नाही कसं म्हणायचं?" प्रश्न चोख आहे. उत्तर असं की, या मुलांत लक्षाचा साठा कमी नसतो. ते हवं तिकडे वळवणं अवघड असतं. मोबाइलवरच्या खेळात दर दोन सेकंदांना काहीतरी फळ मिळतं, घंटा वाजते, रंग उडतात. पाढ्यांचं फळ मिळतं ते सहामाहीला. ज्या मेंदूला उशिरा मिळणारं बक्षीस जवळजवळ दिसतच नाही, तो जवळच्या बक्षिसाकडे धावणारच. मोबाइलवर मर्यादा घालाच, विशेषतः झोपेच्या आधी. पण मोबाइलपुढे बसतो म्हणून तो ढोंगी ठरत नाही.

साखरेचंही तसंच. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे 'गोड खाल्लं की पोर चेकाळतं' हे इथे घरोघर ऐकू येतं. १९९४ साली अमेरिकेत याच्या दोन परीक्षा झाल्या. एकीत मुलांना काही आठवडे साखरेचं आणि काही आठवडे साखरेऐवजी दुसऱ्या गोडीचं जेवण दिलं, कुणाला काय मिळतंय ते आईबापांनाही सांगितलं नाही. वागण्यात फरक आढळला नाही. दुसरी परीक्षा तर मजेदार. काही आयांना सांगितलं की, तुमच्या मुलाला आत्ता भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कुणालाच दिली नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली आणि त्या मुलांवर जास्त टीका करू लागल्या! दातांसाठी गोड कमी द्या, पण दोष साखरेवर ढकलू नका. नजर काढून मनाला बरं वाटत असेल तर काढा, मात्र तेवढ्यावर थांबू नका.

घरात काय करता येईल

मूळ सूत्र एकच. मुलाच्या आतला काटा अजून तयार व्हायचा आहे, तोवर तो बाहेरून पुरवायचा. सूचना, खूण, घड्याळ आणि बक्षीस, सगळं कृतीच्या अगदी जवळ आणायचं. सकाळी दिलेला उपदेश संध्याकाळच्या मोहाच्या क्षणी हजर नसतो.

पहिली गोष्ट, सूचना. स्वयंपाकघरातून ओरडून "दप्तर ठेव, हातपाय धू, कपडे बदल आणि डबा मोरीत टाक" असं एका दमात सांगितलंत, तर त्यातलं पहिलंच जेमतेम पोचतं. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, डोळ्यांत पाहा आणि एकच काम सांगा. ते झालं की दुसरं. वेळ जातो खरा, पण चार वेळा ओरडण्यापेक्षा कमीच जातो. वाचता येत असेल तर शाळेतून आल्यावरच्या चार कामांची चित्रं काढून दाराजवळ भिंतीला लावा. म्हणजे दरवेळी बोलण्याचं काम भिंत करील.

दुसरी, चिंचोक्यांची वाटी. घरात चिंचोके नाहीत असं आपल्याकडे सहसा होत नाही. वाटी दिसेल अशा जागी ठेवा. मुलगा हिसकावता हिसकावता थांबला, सांगितल्याबरोबर उठला, दहा मिनिटं जागेवर बसला, की त्याच क्षणी एक चिंचोका वाटीत टाका आणि कशासाठी ते सांगा. "हात आवरलास, शाबास!" पाच चिंचोके झाले की त्याच संध्याकाळी एक गोष्ट, नाहीतर वडिलांबरोबर पत्त्यांचा एक डाव. "पहिला नंबर आण, सायकल घेते" हे या मुलांच्या कामाचं नाही. सायकल फार लांब आहे. मिळवलेले चिंचोके रागाच्या भरात काढून घेऊ नका. आणि पंधरा दिवसांनी मुलाचा रस कमी झाला, तर बक्षीस बदला. त्याला नावीन्य लागतं, त्यात त्याचा दोष नाही.

तिसरी, वेळ दिसू द्या. 'थोडा वेळ' म्हणजे किती हे या मुलांना आतून कळत नाही. भिंतीवरच्या घड्याळाखाली बसवा आणि मोठा काटा कुठे येईपर्यंत बसायचं ते दाखवा. दहा मिनिटं अभ्यास, मग अंगाचं काम. पाण्याची कळशी आणू दे, वाळलेल्या चादरींच्या घड्या घालू दे, अंगणात सडा मारू दे. मग पुन्हा दहा मिनिटं. तुम्ही विड्या वळत किंवा कांड्या भरत बसला असाल, तर त्याची वही तुमच्या शेजारीच, पण तंबाखूच्या सुपापासून दूर, मांडा. कुणी शेजारी बसलेलं असणं हाही एक लगामच आहे.

चौथी, आधी ठरवून ठेवणं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा होम मैदानावर किती गर्दी असते, तुम्हाला सांगायला नको. पाळणा दिसला की हात सोडून पळणारं पोर म्हणजे आईच्या जिवाला घोर. अशा मुलांना अपघातही इतरांपेक्षा जास्त होतात. नुसतं "शहाण्यासारखं वाग" असं सांगू नका. 'अमुक दिसलं की तमुक करायचं' असं एकच वाक्य घरातून निघताना त्याच्याच तोंडून वदवून घ्या. "पाळणा दिसला की आईचा हात घट्ट धरायचा." मैदानाच्या तोंडाशी पुन्हा एकदा म्हणायला लावा. क्षण आला की हे वाक्य आठवण्याची शक्यता वाढते. रस्ता ओलांडताना मात्र कुठल्याही वाक्यावर भरवसा ठेवू नका, मनगट धरा.

आणि मार? मारानं मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून तो लागू पडल्यासारखा वाटतो. पण जे काम त्याला येत नाही, ते मारानं शिकवलं जात नाही. तो दोनच गोष्टी शिकतो, खोटं बोलणं आणि 'मी वाईटच आहे' हे. पुढे हेच मनात घट्ट बसलं की सुधारायचं कशासाठी, असं त्याला वाटू लागतं. अवधानदोषापेक्षा हे दुखणं बरं करायला कठीण. शिक्षा करायचीच तर ती लहान, लगेच आणि आधी सांगितलेली असावी. खेळणं फेकलं, खेळणं दहा मिनिटं कपाटावर. संपलं. रात्री वडिलांपुढे पुन्हा खटला उभा करायचा नाही.

शाळेत आणि दवाखान्यात

शाळेत भांडायला जाऊ नका, बोलायला जा. बाईंना विनंती करा की, मुलाला पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवा. फळा पुसायला, वह्या गोळा करायला त्यालाच उठवा, म्हणजे चुळबुळीला सन्मानानं वाट मिळेल. मोठा गृहपाठ तुकड्यांत द्या. वर्गापुढे पाणउतारा करू नका, एवढंही नम्रपणे सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं या दोन्हींना मनाई केली आहे, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

डॉक्टरांकडे जाताना बाईंच्या शेऱ्यांची वही बरोबर न्या, कारण निदान ऐकून-पाहूनच होतं. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूलही दुर्लक्ष केल्यासारखं वागतं. अपुरी झोप, रक्त कमी असणं, क्षणभर शून्यात नजर लागणारी फिट, घरातली भांडणं, वाचण्या-लिहिण्याचा वेगळा दोष, हे सगळं पडताळून पाहायचं असतं. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथे बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची तपासणी होते. हा कार्यक्रम देशात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या यादीत अवधानदोषाचं नाव आहे. तपासणीचं पथक शाळेत येईल तेव्हा बाईंना आठवण करा. मानसोपचार विभागाच्या पायरीवर संकोच वाटत असेल, तर आधी 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून विचारा.

औषधाविषयी फार गैरसमज आहेत. मूल सहा वर्षांहून लहान असेल तर आधी आईबापांनी वागण्याच्या रीती शिकाव्यात, असंच तज्ज्ञ सांगतात. त्यापुढे, अडचण मोठी असेल तर औषध देतात. त्यातलं जुनं आणि खूप तपासलेलं म्हणजे मिथाइलफेनिडेट. १९४४ साली लिअँड्रो पॅनिझन या रसायनशास्त्रज्ञानं ते स्वित्झर्लंडमध्ये तयार केलं आणि पत्नी रिटा हिच्या नावावरून त्याचं 'रिटालिन' असं नाव पडलं. हे गुंगीचं औषध नव्हे. उलट ते मेंदूला चेतवणाऱ्या औषधांपैकी आहे. धावणाऱ्या पोराला चेतवायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण चेतवायचा असतो तो काटा! डोपामिन जास्त वेळ हाताशी राहतं, 'थांब' हा निरोप वेळेवर पोचतो, आणि मूल शांत दिसतं. चेतवणाऱ्या औषधाचा हा परिणाम अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ सालीच नोंदवला होता. त्यांच्या ३० मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अभ्यास औषध सुरू होताच सुधारला होता.

१९९९ साली ५७९ मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की, चंचलता आणि लक्ष यांसाठी नीट देखरेखीखालचं औषध वागण्याच्या शिकवणीपेक्षा जास्त लागू पडलं. आणि दोन्ही एकत्र केलं तेव्हा कमी मात्रेत भागलं. दोष समूळ मात्र जात नाही. औषधाचा अंमल असेपर्यंतच फायदा असतो. भूक मंदावते, काहींची झोप उडते, म्हणून वजन आणि उंची वेळोवेळी मोजून घ्यावी लागते. गोळीच्या आधी पोटभर न्याहारी द्या. डॉक्टरांना न विचारता गोळी सुरू करू नका, मात्रा बदलू नका आणि शेजारणीच्या मुलाला 'वापरून बघ' म्हणून तर मुळीच देऊ नका.

मुलींकडेही बघा

मुली या बाबतीत फार सुटून जातात. त्यांच्यात धावपळ कमी असते. त्या खिडकीबाहेर पाहत बसतात, पेन्सिली हरवतात, दूध उतू घालवतात. त्यांना 'वेंधळी', 'धांदरट' म्हणून सोडून दिलं जातं आणि सातवी-आठवीत अभ्यास वाढला की त्या एकदम कोलमडतात. दंगा करणाऱ्या मुलाला निदान दवाखान्यात तरी नेतात. निमूट मागे पडणाऱ्या मुलीला शाळेतूनच काढतात, आणि तिच्या लग्नाचं बघू लागतात. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिच्याही वहीतले शेरे नीट वाचा.

हे मोठेपणी जातं का, असं तुम्ही विचाराल. धावाधाव बहुतेकांची वयाबरोबर कमी होते. विसराळूपणा, उतावीळपणा बऱ्याच जणांत थोडाफार उरतो. पण अशी माणसं नोकऱ्या करतात, दुकानं चालवतात, संसार करतात. लहानपणी त्यांच्या वाट्याला काय आलं, कुणी समजून घेतलं की नाही, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. एक वाटी आणि मूठभर चिंचोके काढून ठेवा, आणि हे पान मुलाच्या वडिलांना वाचायला द्या. सासूबाईंनाही मोठ्यानं वाचून दाखवा. चिंचोका टाकायचं काम त्यांच्याकडेच सोपवलंत तर उत्तम. नातू केव्हा चुकतो यावर त्यांची नजर असतेच. आता तो केव्हा थांबला यावरही राहील.